रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते

माणसाला त्याच्या नावानं हाक मारावी, एवढी साधी रीत ज्यांना साठी जवळ आली तरी समजली नव्हती, त्या काकांबद्दल मी लिहितो आहे. ते लोकांना पाठीच्या इंचांतल्या मापावरून ओळखायचे. "अठरा आले का?" किंवा "वीसला निरोप द्या, खुर्च्या घेऊन ये म्हणावं" असली वाक्यं ऐकून न्यूझीलंडमधल्या टौरंगाच्या मराठी मंडळात आलेला नवा माणूस बावचळून जायचा. मी साडेसोळा होतो. उंची सहा फूट, कॉलेजात व्हॉलीबॉल खेळलेला, आणि हा गृहस्थ चारचौघांत मला साडेसोळा म्हणायचा.

आमची पहिली भेट २०१२ सालच्या मंडळाच्या पिकनिकला झाली. त्यांनी माझं गाव विचारलं नाही, व्हिसा कुठला तेही विचारलं नाही. आपल्या लोकांत हे दोन प्रश्न टाळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. ते एवढंच म्हणाले, "मान खाली घाल." वडीलधारा माणूस, मला वाटलं आशीर्वाद देतोय. मी मान खाली घातली तर त्यांनी माझ्या मानेच्या मुळाशी वर आलेलं हाड बोटानं दाबून धरलं, दुसऱ्या हातानं कमरेचं हाड चाचपलं, आणि खिशातून शिंप्याची टेप काढून मधलं अंतर मोजलं.

"साडेसोळा," ते म्हणाले. "पाय लांब, पाठ आखूड. लोक तुला उंच समजत असतील. सॅक नाही समजणार."

मग टेप गुंडाळून ते पुढच्या माणसाकडे गेले. त्या माणसाच्या हातात बटाटेवडा होता. त्याला तो खाली ठेवावा लागला.

ही सगळी मोजामोज सॅकसाठी होती. रानात शिकारीला जाताना पाठीवर घेतात ती मोठी सॅक, इथले लोक तिला नुसतं पॅक म्हणतात. आता यातली गंमत अशी, की काकांनी आयुष्यात डाससुद्धा नीट मारला नव्हता. घरात उंदीर निघाला तर ते त्याला पिंजऱ्यात धरून गाडीनं लांब सोडून यायचे, म्हणजे उंदीर पक्ष्यांची अंडी खातात म्हणून या देशात ज्याला जवळजवळ गुन्हा समजतात ते करायचे. केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय वाढदिवसाला तोंड उघडायचे नाहीत. आणि हा माणूस शिकाऱ्यांना हरणाची तंगडी पाठीवर कशी बांधावी हे समजावून सांगायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते पाहायचं असेल, तर शनिवारी सकाळी आमच्या इथल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात जायचं.

दुकानातले लोक आधी त्यांना टाळायचे. काका सगळ्या सॅका एकेक करून खाली काढत. पहिल्यांदा डोळे मिटून कापडावरून कानाजवळ नख फिरवत. "ऐक. ही वाजते," असं मला सांगत. "हरणाला हा आवाज आपल्याला कुकरची शिट्टी ऐकू येते तसा येतो." हे त्यांना कोणत्या हरणानं सांगितलं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी पुढची सॅक कानाशी धरली. मग कप्प्यांची पाळी. जास्त कप्पे असलेल्या सॅकचा त्यांना मनापासून राग होता. "बारा कप्पे, आणि पाहिजे ती वस्तू तेराव्यात." सॅक किती लिटरची आहे असा प्रश्न ज्यानं विचारला, तो त्यांच्या लेखी संपला. "लिटर विचारायला ती काय पाण्याची टाकी आहे? आधी पाठ किती ते सांग."

पुढे दुकानदाराच्या लक्षात आलं, की हा कटकट्या म्हातारा ज्याला सॅक बसवून देतो ते गिऱ्हाईक ती परत आणत नाही. मग त्यानं काकांसाठी एक स्टूल ठेवलं. कॉफीही देऊ लागला. काका ती घेत नसत, पण स्टुलावर मात्र असे बसत, जणू दुकान यांच्या आजोबांनी काढलंय.

आम्ही दोघं बंदरावरच्या एकाच कंपनीत होतो. मी तिथे कॉम्प्युटरसमोर, काका जहाजात कुठला कंटेनर कुठे ठेवायचा ते ठरवणाऱ्या विभागात. जड डबा कुठे, हलका कुठे, म्हणजे जहाज कलणार नाही, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. त्याचीच त्यांना सगळीकडे बाधा झाली होती. "जहाजात जड खाली. पाठीवर जड मध्ये, पाठीला चिकटून. खाली ठेवलंस तर मागे ओढतं, लांब ठेवलंस तरी मागे ओढतं." डबा खाताना हे. लिफ्टमध्ये हे. एकदा एका अंत्यविधीत, शवपेटी उचलणारे चौघे कसे चुकीचे उभे आहेत, हे त्यांनी माझ्या कानात सांगितलं होतं.

त्यांचं सगळ्यात लाडकं वाक्य होतं, "रिकामी सॅक सगळ्यांनाच बसते." दुकानात माणूस रिकामी सॅक पाठीवर टाकतो, आरशात बघतो, खूश होतो आणि फसतो. म्हणून काका घरी सॅक भरून बघत. भरायला काय, तर काकूंचं स्वयंपाकघर. दहा किलो तांदूळ, दहा किलो कणीक, वर तूरडाळ. एवढं भरून हा माणूस जांडल, म्हणजे रबरी चपला, घालून ड्राइव्हवेवर तासभर चढउतार करायचा. समोरच्या घरातल्या आजी सुरुवातीला पोलिसांना फोन करणार होत्या म्हणे. नंतर नंतर त्या वेळ बघून हात करायच्या. मग सगळं धान्य परत डब्यात. काकांच्या घरची पोळी खाताना माझ्या मनात हमखास यायचं, की या कणकेनं किती किलोमीटर केले असतील.

काकांची स्वतःची सॅक एकोणीस इंचांवर लावलेली होती. शेवाळी रंगाची, साधी, दोनच कप्प्यांची. पट्ट्याची उंची वरखाली सरकवता यायची अशी. ती ठेवायची जागा मात्र ऐकण्यासारखी आहे. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं एक कपाट असतं. घरातली सगळ्यात कोरडी, उबदार जागा तीच. काकूंनी तिथे वरच्या फळीवर देवघर केलं होतं, कारण बाकी घरात निरांजनाच्या वाती दमट होत. आणि त्याच कपाटात, देवांच्या खाली, खुंटीला काकांची सॅक, कारण बुरशी लागू नये. वर बाळकृष्ण, खाली शिकारीचं सामान. काकूंनी एका अटीवर हे चालवून घेतलं होतं. त्या सॅकमध्ये मांस गेलं, की सॅक त्या कपाटात परत यायची नाही. ज्यात माझी कणीक जाते त्यात ते जायचं नाही, असं त्यांनी माझ्यादेखत सांगितलं होतं, आणि काकांनी "शब्द दिला" म्हटलं होतं. एवढ्या गंभीरपणे, की मला हसू आलं. ज्या माणसाला शिकारीला कोणी बोलावण्याची शक्यता नाही, तो शब्द द्यायला मोकळाच असतो.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मला शिकारीला जायचं होतं. शिकारीची हौस होती असं नाही. बंदरावर ग्रेग नावाचा क्रेनचा सुपरवायझर होता. तो आणि त्याचा मेहुणा टामे दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत कायमानावाच्या डोंगरात जायचे. त्या दिवसांत नर हरणं माजावर येऊन ओरडतात, इथे त्याला रोर म्हणतात. परत आले की आठवडाभर स्मोको रूममध्ये, म्हणजे चहाच्या सुट्टीच्या खोलीत, तोच विषय. हसणं, एकमेकांच्या पाठीवर थापा, मग सॉसेजेस वाटणं. मी तीन वर्षं त्या गप्पांच्या कडेला कप धरून उभा होतो. सगळे माझ्याशी चांगलंच वागायचे. 'हाऊ यू गोइंग, मेट' रोज विचारायचे. पण बोलवत नव्हते. मला तिथे आपला व्हायचं होतं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं.

२०१५ साली ग्रेगनं काकांना बोलावलं.

झालं होतं असं, की ग्रेगचा खांदा दुखत होता. काकांनी कॅन्टीनमध्ये त्याला मान खाली घालायला लावली, टेप लावली, आणि त्याच्या सॅकचा पट्टा दोन इंच वर सरकवून दिला. दोन आठवड्यांत दुखणं गेलं. ग्रेग म्हणाला, या वेळी तूच चल. काका म्हणाले, मी मांस वाहणार नाही. टामे शेजारीच होता. तो म्हणाला, "स्वीट ॲज, मातुआ. यू कॅरी द पॉट्स." स्वीट ॲज म्हणजे चालेल, आणि मातुआ म्हणजे टामेच्या माओरी भाषेत वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात ते. मग काकांनी माझ्याकडे बोट केलं. "याला पण घ्या. याला फार हौस आहे."

म्हणजे ज्या दारात मी तीन वर्षं उभा होतो, तिथून आत गेलो तो या माणसाच्या शिफारशीवर. नाकाला मिरच्या झोंबल्या. पण गेलो.

सॅक मी माझी मी घेतली. ऑनलाइन सेलमधून, पानापानांचं डिझाइन असलेली, लार्ज. काकांना न विचारता घेतली आणि मुद्दाम त्यांना नेऊन दाखवली. त्यांनी ती उलटी केली, पट्टा पाहिला.

"ही वीसची आहे."

"मी सहा फूट आहे, काका."

"सॅक पायात नाही घालत. बदलून आण, नाहीतर ही माझ्याकडे ठेव, एकाला बसेल. हे बघ, पट्टा असा सरकतो तिचा घे." असं म्हणून त्यांनी आपल्या सॅकवर पट्टा सरकवून दाखवला. मी खिडकीबाहेर बघत होतो. त्यांनी पुन्हा दाखवला. मी म्हटलं, बघू. त्यांनी तिसऱ्यांदा दाखवला.

मी ती बदलली नाही. घरी रिकामी सॅक पाठीवर टाकून आरशात पाहिलं. छान दिसत होती.

जाताना चार तासांची चाल होती, नदीच्या काठानं. सॅक हलकी होती, त्यामुळे मी पुढे. काका मागे, प्रत्येक चढावर पट्टे ढिले करत, उतारावर आवळत. बँड वाजवल्यासारखे त्यांचे हात सतत चालू. हटवर, म्हणजे डोंगरातल्या मुक्कामाच्या खोपटावर, पोचल्यावर त्यांनी खिचडी केली. ग्रेग आणि टामेनं दोनदा घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रेगनं एक मोठा नर मारला. काका तेव्हा हटवर भांडी घासत होते. आम्ही तिघांनी मांस खाली आणलं, तेव्हा त्यांनी एकदाच तिकडे पाहिलं आणि नमस्कार केला. हरणाला. ग्रेगसमोर. मला कुठे तोंड लपवू असं झालं. टामेनं मात्र मान हलवली, जणू हे असंच करायचं असतं.

परतीच्या वाटण्या झाल्या. ग्रेगकडे डोकं, शिंगं आणि मागचा एक पाय. टामेकडे पुढचे दोन्ही पाय आणि पाठीचं मांस. मागचा दुसरा पाय माझ्याकडे, फुलाफुलांच्या उशीच्या अभ्र्यात घालून. काकांकडे सगळ्यांच्या स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह, भांडी, उरलेले तांदूळ. त्यांची सॅक त्यांच्या डोक्याच्या वर गेली होती. मला मनातल्या मनात हसू येत होतं, अंगापेक्षा बोंगा मोठा. ते हसू अर्धा तास टिकलं.

सॅकचा कमरेचा पट्टा माझ्या कमरेवर राहीना. तो घसरून कुल्ल्यांवर आला, आणि सगळं वजन खांद्यांवर. मी पट्टा आवळला, तो परत घसरला. तासाभरात बोटांना मुंग्या आल्या. दीड तासानं बोटं आहेत की नाहीत हे बघायला मी हात डोळ्यांसमोर धरला. ग्रेग आणि टामे पुढे निघून गेले होते. वाट एकच होती, चुकायची सोय नव्हती, गाडीपाशी थांबतो म्हणाले होते. काका कुठेतरी मागे होते.

तेव्हा मी काय केलं ते लिहितो. एक आडवं पडलेलं झाड होतं. मी सॅक उतरवली, तो पाय बाहेर काढला, झाडाच्या पलीकडे टाकला आणि वर नेच्याची पानं ओढू लागलो. ग्रेगला सांगणार होतो, नदी ओलांडताना पडला. या लोकांत मारलेलं जनावर रानात टाकून येणं ही सगळ्यात हलकी गोष्ट. ते मला ठाऊक होतं. म्हणून तर पानं नीट पसरत होतो.

"मेलेल्याला वाटेत टाकायचं नसतं," मागून काका म्हणाले.

ते ओरडले नाहीत. त्यांनी आपली सॅक उतरवली, स्लीपिंग बॅगा काढून माझ्या सॅकमध्ये कोंबल्या, आणि अभ्र्यातला तो पाय दोन्ही हातांनी उचलला. अभ्र्यातून रक्त पाझरत होतं. क्षणभर ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो सॅकमध्ये ठेवला, मध्यभागी, पाठीला चिकटून. भांडी त्याच्या पुढून अशी लावली, की पाय हलू नये. वरून भगवं फडकं बांधलं, कारण पाठीवर हरणाचा पाय बघून दुसरा शिकारी हरीणच समजतो. एवढं सगळं व्यवस्थित. माझ्यासमोर शब्द मोडत असतानासुद्धा या माणसाला पट्ट्यांचा कोन बघायचा होता.

"काका, काकूंना..."

"चल. हात झटकत राहा, रक्त फिरेल."

अडीच तास ते माझ्यापुढे चालले. पाठीवर भांडी आणि पंधरा किलोंचा पाय, आणि चाल ड्राइव्हवेवर होती तशीच. मी मागून स्लीपिंग बॅगा घेऊन. गाडी दिसायच्या आधीच्या वळणावर ते थांबले, पाय काढून माझ्या सॅकमध्ये घातला आणि बॅगा परत घेतल्या. मग ओढ्यात उतरून आपली सॅक धुतली. बराच वेळ धूत होते. शेवटची दोनशे पावलं मी तो पाय वाहिला. ग्रेगनं माझ्या पाठीवर थाप मारली. "गुड ऑन या, मेट." तीन वर्षं ज्या थापेची वाट पाहिली ती थाप. काका गाडीत ओली सॅक मांडीवर घेऊन बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

एखाद्यानं आपल्यावर उपकार करावेत आणि वर त्याबद्दल अवाक्षर काढू नये, याच्याइतकं चीड आणणारं काही नसतं. कामावर मी स्मोको रूममध्ये मधोमध बसू लागलो. काका आत आले, की माझी गोष्ट अडखळायची. "काय साडेसोळा," एवढंच म्हणून डबा उघडायचे. मला वाटायचं, मुद्दाम म्हणतात.

दोन आठवड्यांनी काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. इथे ते आत बायका आणि गॅरेजमध्ये नवरे असं होतं. माझं लग्न झालं नव्हतं, पण आंब्याच्या डाळीला नाही कोण म्हणणार? फ्रोजन कैरीची का होईना. जेवायला म्हणून आम्ही आत गेलो. गौर त्या कपाटातच बसवली होती, दार सताड उघडं, गौरीखाली खुंटीला सॅक, जागच्या जागी. म्हणजे काका घरात काही बोललेले दिसत नाहीत, मी ताडलं. काका ओल्या हरभऱ्यांच्या पुड्या भरत होते.

एक वहिनी म्हणाल्या, "काकू, तुमच्या ह्यांची कमाल आहे हं. शिकारीला जाऊन आले आणि हात म्हणून लावला नाही. याला म्हणतात शब्द." दुसऱ्या म्हणाल्या, खरंच, आजकाल कोण पाळतं. मग काकांचं कौतुक सुरू झालं. सॅकचं, व्रताचं, खिचडीचं. गॅरेजमधले पुरुषही त्यात सामील झाले. त्यातला एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, "शिका काहीतरी, साडेसोळा."

मी म्हटलं, "शब्द कसला? मागचा एक पाय याच सॅकमधून आला."

हसतच म्हटलं. गमतीनं. कोणाचा पाय, का आला, ते म्हटलं नाही.

काकांचा हात हरभऱ्यांच्या परातीत थांबला. त्यांनी काकूंकडे पाहिलं आणि मान थोडी हलवली. काकूंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही असं मला वाटलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आणखी काही सांगायचंय तुला?" त्यांनी विचारलं.

"नाही, काकू."

मग कपाटाशी जाऊन त्यांनी सॅक खुंटीवरून काढली आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. त्यांची मुलगी, युनिव्हर्सिटीत शिकणारी, म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ पॅक." काकू म्हणाल्या, "पॅक धुता येतो गं." आणि पन्ह्याचे ग्लास भरायला लागल्या. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याची जिरली. घरी जाताना डाळीचा डबाही मिळाला मला. मी तो घेतला.

त्या दिवसापासून काकांनी मला साडेसोळा म्हणणं सोडलं. नावानं हाक मारू लागले, आणि अहो-जाहो करू लागले. मला हवं होतं तेच झालं होतं. पुढच्या वर्षी ग्रेगनं बोलावलं तर ते नाही म्हणाले. दुकानातल्या स्टुलावर जाणंही कमी झालं. मंडळात कोणीतरी त्यांना गमतीनं 'शब्दवाले' म्हणायचं. मी त्यांची ही पाठी मोजण्याची, कणीक फिरवण्याची, हरणाला नमस्कार करण्याची गोष्ट रंगवून रंगवून सांगायचो, आणि लोक पोट धरून हसायचे. आत्ता सांगितली तशीच. रानातला भाग तेवढा गाळायचो.

२०१९ मध्ये मुलीला वेलिंग्टनला नोकरी लागली, म्हणून दोघं तिथून जवळच्या पोरिरुआला जायला निघाले. घर आवरताना त्यांनी गॅरेज सेल लावला. मी गेलो. का गेलो ते मला सांगता यायचं नाही. टेबलावर कुकर, परात, खुर्च्या, आणि एका खिळ्याला ती सॅक. तिच्यावर चिठ्ठी, 'फ्री'.

"घ्या," काका म्हणाले. "फुकट आहे."

मी ती पाठीवर घातली. एकोणीसवर होती. कमरेचा पट्टा घसरून खाली आला, अगदी तेव्हासारखा. मी पट्टा चाचपायला लागलो. मला वाटलं, आता टेप काढतील.

"तुमचं तुम्ही करा," ते म्हणाले. "कसा सरकवायचा ते तीनदा दाखवलंय." आणि ते एका गिऱ्हाइकाला कुकर दाखवायला गेले.

काकू वर्तमानपत्रात काचेच्या बरण्या गुंडाळत होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो. चार वर्षांनी का होईना, सांगून टाकू म्हटलं.

"काकू, तो पाय..."

"तुझा होता. माहीत आहे," त्या म्हणाल्या. हात थांबला नव्हता. "हे आले त्याच दिवशी दारात उभं राहून सांगितलं यांनी. सॅक पायरीवर ठेवली आणि म्हणाले, पोराच्या सॅकचं माप चुकलंय, हात बधिर झाले होते त्याचे, मी आणला. मी म्हटलं, मग बाहेर काय ठेवता, आणा आत. देवाला समजत नाही होय?"

"मग हळदीकुंकवाच्या दिवशी..."

"तू सगळ्यांसमोर बोललास. मग एक तर पाय कुणाचा ते सांगायचं, नाहीतर हे शब्द मोडतात असं ठरू द्यायचं. यांनी मान हलवली, नको म्हणून. तरी मी तुला विचारलं होतं." त्यांनी बरणी खोक्यात ठेवली. "सॅक गॅरेजमध्ये नेताना फार जीवावर आलं होतं माझ्या. डाळ खाल्लीस ना तेव्हा? आंबट झाली होती."

मी म्हटलं, चांगली होती.

सॅक आता माझ्याकडे आहे, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. ग्रेगनं पुढे दोनदा बोलावलं तेव्हा मी काहीतरी कारण सांगितलं. कधी कधी ती काढून पाठीवर घेतो, तांदूळ भरून. पट्टा कमरेवर राहत नाही. ती अजून एकोणीसवरच आहे. कसा सरकवायचा ते मला येतं.